केसर आंब्याचा वास व्हे प्रोटीनमध्ये जातो कुठे?

नाशिकच्या पंचवटीतल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. घरचा श्रीखंड-आम्रखंडाचा जुना धंदा. यंदा त्याने जिमला जाणाऱ्या मुलांसाठी हाय प्रोटीन मँगो ड्रिंक काढलं. साय काढलेलं गाईचं दूध, २०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम व्हे प्रोटीन पावडर, थोडा केसरचा गर आणि मँगो इसेन्स. मिक्सरमधून काढलं तेव्हा वास छान होता. तासाभरात तो निम्म्यावर आला. चौथ्या दिवशी बाटली उघडली तर आंबा जवळपास गायब आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास पुढे. इसेन्स दुप्पट केला तर चव औषधासारखी झाली. तो विचारतो, इसेन्सवाला फसवतोय का? आणि तोच गर आईच्या आम्रखंडात आठवडाभर कसा दरवळतो?

इसेन्सवाल्याला तूर्त बाजूला ठेवा, दादा. मी चोवीस वर्षं सातपूर आणि सिन्नरच्या फळप्रक्रिया कारखान्यांत काढली आहेत आणि "वास उडाला" ही तक्रार फार वेळा ऐकली आहे. दूध किंवा प्रोटीन घातलेल्या मालात बहुतेकदा वास उडालेला नसतो. तो त्याच बाटलीत असतो, प्रथिनाला धरून बसलेला असतो, म्हणून नाकापर्यंत येत नाही. उडालेल्या वासाला एक इलाज, अडकलेल्या वासाला दुसरा. तुम्ही पहिल्याचा इलाज दुसऱ्यावर केलात, आणि चव औषधासारखी का झाली याचं उत्तरही त्यातच आहे.

आंब्याचा वास म्हणजे एक पदार्थ नव्हे, डझनावारी रेणूंचं ते मिश्रण असतं. ओसिमीन, मायर्सीन, केरीन ही टर्पीनं कैरीच्या चिकाचा, पाल्याचा वास देतात. एथिल ब्युटानोएटसारखे छोटे एस्टर वरचा गोड, फळाचा झटका देतात. फ्युरॅनिऑल नावाचा रेणू साखर खरपूस भाजल्यासारखा गोडवा देतो. आणि लॅक्टोन नावाचा गट खोबरं-लोण्याच्या जातीचा, जड, तोंडात रेंगाळणारा वास देतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसवर जे काम झालं, त्यातही फळ पिकत जाताना लॅक्टोन आणि फ्युरॅनिऑल पुढे येतात असं दिसलं. आढीतला आंबा "तयार झाला" हे आपण वासावरून ओळखतो ते याच रेणूंमुळे. त्यांचं प्रमाण अगदी नगण्य असतं. एथिल ब्युटानोएट लिटरभर पाण्यात १ मायक्रोग्रॅमच्या आसपास असलं तरी नाकाला कळतं.

पण नाकाला कळतो तो फक्त हवेत आलेला भाग. बाटलीत प्रत्येक रेणूला राहायला चार जागा असतात: पाणी, स्निग्धांश, प्रथिन आणि वरची हवा. तो या चारही जागांत वाटून राहतो, आणि वाटणी त्याच्या स्वभावावर ठरते. फ्युरॅनिऑलला पाणी आवडतं, तो पाण्यातच रमतो. लॅक्टोन आणि लांब साखळीचे एस्टर तेलकट स्वभावाचे, त्यांचं पाण्याशी पटत नाही. ते तेलकट आसरा शोधतात. तूप-साय असेल तर तिथे जातात. साय तुम्ही काढून टाकलीत, म्हणून ते प्रथिनाकडे वळले.

व्हे म्हणजे चक्का टांगल्यावर फडक्यातून गळणारी निवळी. गाईच्या दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांपैकी साधारण निम्मं एकच प्रथिन असतं, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. १६२ अमिनो आम्लांची ही साखळी स्वतःभोवती अशी गुंडाळलेली असते की मधोमध एक खोलगट खिसा तयार होतो. बाहेरून हे प्रथिन पाण्यात सहज विरघळतं, खिशाच्या आतल्या भिंती मात्र तेलकट. 'अ' जीवनसत्त्वाचा रेणू त्यात नीट बसतो. आंब्यातला बीटा-आयोनोन हा वासाचा रेणूही बसतो. लांब शेपटीचे वासाचे इतर रेणूही या खिशात किंवा प्रथिनाच्या पृष्ठभागावरच्या तेलकट खाचांत आसरा घेतात.

१९८०-८१ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात श्रीनिवासन दामोदरन आणि जॉन किन्सेला यांनी सोयाबीनच्या प्रथिनांवर कीटोन या गटाचे वासाचे रेणू घेऊन हे मोजलं. रेणूच्या कार्बन-साखळीत एक कार्बन वाढला की प्रथिनाला चिकटण्याची ओढ साधारण तिप्पट होते, असं त्यांना आढळलं. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनवरही कल तोच.

आता तुमच्या बाटलीचा हिशेब मांडू. ८० टक्क्यांची पावडर धरली तर २० ग्रॅममध्ये १६ ग्रॅम प्रथिन, म्हणजे १०० मिलीला ८ ग्रॅम. त्यातलं निम्मं, ४ ग्रॅम, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. साध्या गाईच्या दुधात हेच १०० मिलीला ०.३ ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे तुम्ही बारा-तेरा पट खिसे ओतले आहेत. किन्सेला यांच्याच प्रयोगशाळेतून १९८७ मध्ये आलेले आकडे घेऊन मी गणित केलं, तर एवढ्या प्रथिनात ७ कार्बनचा कीटोन साधारण पाव हिस्सा अडकतो, ८ कार्बनचा निम्मा, आणि ९ कार्बनचा ८० टक्क्यांहून जास्त. आंब्यात हेच कीटोन प्रमुख असतात असं नाही, आणि तुमच्या पावडरीला उष्णता लागलेली असल्याने आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण उतरंड लक्षात घ्या. दोन कार्बनच्या फरकाने रेणू मोकळा राहायचा तो जवळपास पुरता अडकतो.

म्हणजे प्रथिन वासाचा आवाज सरसकट कमी करत नाही. ते मिश्रणातून निवडून उचलतं. छोटे एस्टर आणि फ्युरॅनिऑल जवळजवळ शाबूत राहतात, लॅक्टोन आणि आयोनोन खाली जातात. उरतो तो पिकल्या आंब्याचा वास नव्हे, मँगो गोळीचा. तुम्ही इसेन्स दुप्पट केलात तेव्हा जे आधीच मोकळं होतं तेच दुप्पट झालं आणि जे हवं होतं त्यातलं बरंचसं पुन्हा प्रथिनात गेलं. एस्टरचा अतिरेक म्हणजेच तुम्हाला लागलेली औषधाची चव. काही जण म्हणतात, भरपूर टाका, खिसे भरले की बाकीचा वास मोकळा राहील. असं होणार नाही. वासाचे रेणू लाखात काही भाग एवढेही नसतात, आणि त्यांच्या तुलनेत खिसे शेकडो पट जास्त आहेत. ते भरतील इतका इसेन्स टाकला तर ते पेय कुणी तोंडात धरणार नाही.

इथवर बोललो ती सैल बांधणी, जाऊन-येऊन असणारी. दुसरी बांधणी पक्की असते आणि तुमच्या चौथ्या दिवसाचा काही भाग तिच्या खात्यावर आहे. अल्डिहाइड जातीचे वास-रेणू, उदाहरणार्थ व्हॅनिलिन, बदामाच्या अर्काचं बेंझाल्डिहाइड, लिंबाचं सिट्रल, स्ट्रॉबेरी-पेरूच्या ताज्या हिरव्या वासाचे हेक्झेनाल, हे प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या टोकाशी रासायनिक बंध करतात. हे काम हळूहळू चालतं, उष्णतेने वेग घेतं. तुमच्या मँगो इसेन्समध्ये व्हॅनिलिन आहे का ते पुरवठादाराला विचारा. गोलाई आणायला ते बऱ्याचदा घालतात, आणि व्हेमध्ये किंवा केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनात त्याची तीव्रता घटते हे जुनं निरीक्षण आहे. पेरूचं आणखी वेगळं. पेरूचा तो उग्र, ओळखीचा वास गंधकयुक्त थायॉल रेणूंमुळेही येतो, आणि थायॉल प्रथिनांतल्या गंधकाच्या बंधांशी अदलाबदल करू शकतात. पेरूची लस्सी ताजी प्यावी, ठेवू नये, असं मी सांगते ते यासाठी.

मला हे सगळं कळायला एक अख्खा हंगाम लागला होता. सुरगाण्याकडची, बोरगाव बाजूची स्ट्रॉबेरी घेऊन आम्ही एका कारखान्यात दुधाचं पेय करत होतो. गर इतका सुंदर की पिंप उघडलं की शेडभर वास. दुधात गेला की तिसऱ्या दिवशी नुसतं गुलाबी गोड दूध. आम्ही तीन इसेन्स बदलले, एका पुरवठादाराशी संबंध तोडले. शेवटी तोच गर एका बाटलीत साखरपाण्यात आणि दुसरीत दुधात घालून, घट्ट बंद करून, दोन्हींच्या वरची हवा गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे रेणू वेगळे करून प्रत्येकाचा आलेखावर उंचवटा दाखवणाऱ्या यंत्रावर, तपासली. साखरपाण्याच्या बाटलीत एस्टरचे सगळे उंचवटे जागच्या जागी. दुधाच्या बाटलीत छोटे एस्टर तसेच, मोठे बसलेले, आणि हिरव्या वासाचा उंचवटा दिवसागणिक खाली. गर निर्दोष होता, पुरवठादारही. त्या माणसाला आम्ही विनाकारण बोल लावला याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून तुमच्या इसेन्सवाल्याची बाजू मी आधी घेतली.

आता आईच्या आम्रखंडाकडे. पहिलं म्हणजे त्यात गर किती असतो आणि तुमच्या बाटलीत किती, ते वजन करून बघा. फरक पाहून तुम्हीच थांबाल. दुसरं, म्हशीचं ६-७ टक्के स्निग्धांशाचं दूध. स्निग्धांशही तेलकट रेणू धरून ठेवतो, प्रथिनापेक्षा जास्तच धरतो, हे लपवत नाही. पण लोणी जिभेवर वितळतं. दुधाचा स्निग्धांश शरीराच्या तापमानाला पूर्ण वितळलेला असतो, तोंडात पसरतो आणि घास गिळताना लॅक्टोन हळूहळू सोडतो. घशामागून नाकात चढणारा तो वास म्हणजेच आम्रखंडाची खरी चव. आणि लोणी लायसिनसारखे पक्के बंध करत नाही. तिसरं, मलमलच्या फडक्यातून निवळी गळून गेली, तिच्यासोबत न फाटलेलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनही गेलं. दूध चांगलं उकळून मग विरजलं असेल तर त्यातला बराच भाग केसीनला चिकटून चक्क्यात राहतो, पण तो आता उलगडलेला, खिसा मोडलेला असतो.

चौथं आंबटपणा, आणि तुमच्या कामाची सगळ्यात मोठी गोष्ट हीच. द्राक्षबागायतदार मातीचा, पाण्याचा सामू (पीएच) बघतात तसा तुम्ही पेयाचा सामू बघायला हवा. आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनच्या खिशाच्या तोंडाशी एक झडप असते. सामू ७ च्या वर गेला की ती उघडते, आंबट बाजूला ती मिटते. सामू ३ पासून ९ पर्यंत चढत गेला की हे प्रथिन वास जास्त धरतं. दुधाचा सामू ६.६ च्या आसपास, चक्क्याचा आणि लस्सीचा ४.५ च्या खालीवर. म्हणून तोच गर, तेवढंच प्रथिन, पण लस्सीत वास जास्त मोकळा.

तर बदल काय करायचे? माझं स्पष्ट मत, हे पेय दुधावर करू नका, ताकावर-दह्यावर करा. मँगो लस्सीच्या चालीवर. गराचा स्वतःचा आंबटपणा मदतीला येतो. मात्र आंबट पेय नंतर तापवायचं असेल तर प्रथिन फुटून चोथा होतो, कारण केसीन ४.६ ला आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन ५.२ च्या आसपास आपापसात गोळा होतात. त्यासाठी उद्योगात पेक्टिन वापरतात. छोट्या प्रमाणावर तुम्ही तापवण्याचं काम आधी उरकून घ्या: दूध आणि पावडर एकत्र तापवा, विरजण लावा, दही घोटा, १० अंशांच्या खाली आणा आणि मग वेगळा पाश्चराइज केलेला गर, सगळ्यात शेवटी इसेन्स. वासाचा पदार्थ प्रथिनासोबत तापू द्यायचा नाही, हा एक नियम भिंतीवर लिहून ठेवा. सीताफळ रबडीवालेही गर दूध गार झाल्यावर घालतात. त्यांचं मुख्य कारण गर तापला की कडवट होतो हे, पण वासालाही ते मानवतं.

बाटलीतलं पावडरीचं प्रथिन १६ वरून १२ ग्रॅमवर आणा आणि त्यातलं निम्मं तुमच्याच चक्क्यातून घ्या. तुमच्याकडे महाराष्ट्रातला जुना हाय प्रोटीन पदार्थ रोज फडक्यात टांगलेला असतो, तो सोडून परक्या पावडरीच्या मागे पूर्ण लागायचं कारण नाही. केसीनही वास धरतं, पण झडपेच्या खिशावाल्या व्हेइतकं टोकाचं नाही असा माझा अनुभव. स्निग्धांश शून्यावर नेऊ नका, दीड-दोन टक्के असू द्या. लेबलवर प्रोटीनचा दावा लिहिण्याआधी एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे त्याबद्दलचे नियम मात्र नीट वाचून घ्या.

इसेन्सवाल्याला आता बोलवा, पण भांडायला नको. त्याला सांगा की माल प्रोटीनच्या पेयात जाणार आहे, सामू एवढा, प्रथिन एवढं, स्निग्धांश एवढा. चांगले फ्लेवरिस्ट अशा पेयासाठी मिश्रण वेगळं बांधतात: एस्टर कमी, लॅक्टोनचा हात सढळ, व्हॅनिलिन टाळून. सरबतासाठी बनवलेला इसेन्स तुम्ही प्रोटीनमध्ये वापरलात, यात त्याचा दोष काहीच नाही.

पुठ्ठ्याचा वास आंब्यातून आलेला नाही. तो व्हे पावडरीचाच आहे. पावडरीत थोडा स्निग्धांश उरतो, त्याचं ऑक्सिडीकरण होऊन हेक्झानालसारखे अल्डिहाइड तयार होतात, आणि आंबा मागे सरला की ते पुढे येतात. पोतं कधीचं आहे, तोंड उघडं राहिलं होतं का, एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलं होतं का, ते बघा. सोयाबीनच्या पावडरीकडे वळायचा विचार असेल तर तिथे हीच अडचण मोठी होते. सोयाबीन दळताना लायपॉक्सिजनेज हे विकर तेल फोडून हेक्झानाल करतं आणि ते प्रथिनाला चिकटून बसतं, म्हणून कच्चट वास धुऊनही जात नाही. भिजलेलं सोयाबीन उकळत्या पाण्यात वाटलं तर विकर तिथेच मरतं. सोया दूध करणाऱ्यांची ही जुनी युक्ती.

बाटली काचेची घ्या. आंब्याची टर्पीनं साध्या पॉलिथिनमध्ये शिरतात, तेव्हा प्रथिनाच्या नावावर प्लॅस्टिकची चोरी खपू नये.

पुढे फळं वाढवणार असाल तर दोन सूचना. कच्चं अननस प्रथिनाच्या पेयात घालू नका, त्यातलं ब्रोमेलेन हे विकर केसीन तोडून कडू करतं. गर आधी तापवून गार करा. आणि सटाणा-मालेगावचं डाळिंब दुधात फाटतं ते आंबटपणाने आणि टॅनिन या तुरट द्रव्यामुळेही, टॅनिन केसीनला घट्ट पकडतं. डाळिंबाला मुळात वास फिका, तो प्रथिनात टिकवायचा खटाटोप मी तरी करणार नाही. हेच प्रथिनांचं नातं आपल्या वायनरीत उलट्या बाजूने दिसतं. द्राक्षातल्या प्रथिनांनी पांढरी वाइन गढूळ होऊ नये म्हणून बेंटोनाइट नावाची माती घालून ती प्रथिनं खाली बसवतात, आणि मात्रा जास्त झाली तर वासही सोबत घेऊन जाते. तिथले लोक म्हणून ती ग्रॅमच्या हिशेबात मोजतात.

हे सगळं माझ्या शब्दावर करू नका, आधी तपासा. झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या तीन बरण्या घ्या. एकीत गर, साखर आणि पाणी. दुसरीत तेच, वर तुमच्या मापाची व्हे पावडर. तिसरीत पावडर आणि सामू ४.३ पर्यंत आणेल इतकं सायट्रिक आम्ल. सामूचे कागद शेतीच्या दुकानात मिळतात. तिन्ही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी झाकण किंचित उघडून वास घ्या, मग झाकण लावून बरण्या कोमट पाण्यात ४० अंशांवर अर्धा तास ठेवा आणि पुन्हा घ्या. शेवटी प्रत्येकीतला एक चमचा नऊ चमचे कोमट पाण्यात टाका. पहिली आणि दुसरी बरणी थंड असताना फार वेगळ्या होत्या आणि पातळ केल्यावर जवळ आल्या, तर बांधणी सैल आहे. तोंडात लाळ आणि ऊब मिळाली की वास सुटेल, सामू आणि प्रमाण बदलून काम होईल. पातळ करूनही दुसरी मागेच राहिली तर पक्के बंध झालेत, मग इसेन्सचं सूत्र बदला. बरण्या बंद होत्या, त्यामुळे उडून जाण्याचा मुद्दा उरत नाही.

नवं सूत्र ठरलं की घरच्यांना "कसं झालंय" विचारू नका, ते छानच म्हणतील. बारा जणांपुढे प्रत्येकी तीन पेले ठेवा, दोन एकसारखे, एक वेगळा, क्रम बदलून. वेगळा कोणता ते ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजाने चार जण बरोबर येतात. आठ किंवा जास्त जणांनी ओळखला तर फरक खरा आहे असं धरा. मग आवडतो कोणता, हा प्रश्न तुमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना वेगळ्या दिवशी विचारा. दोन्ही वेळा पेले १० अंशांवर आणि सारखेच भरलेले हवेत. तीन बरण्यांचे निकाल कळवलेत तर सूत्रात पुढे काय बदलायचं ते आपण त्यावरून ठरवू.